राष्ट्रपती थेट जनतेनं निवडावा का?

आमदार-खासदारांनी राष्ट्रपती निवडायची पद्धत मोडीत काढून लोकांनाच थेट मत का देऊ नये, असा तुमचा प्रश्न आहे. माझं उत्तर 'नको' असं आहे, आणि त्याला कारण आमच्या गावची पाण्याची मोटार.

मी राहतो सोलापुरात, पण गाव मोहोळ तालुक्यात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, त्यामुळं निवडणुकीच्या ड्युट्या किती केल्या याचा हिशेब नाही. 2017 मध्ये राज्यात सरपंच थेट निवडायचा कायदा आला. त्यानंतरच्या निवडणुकीत आमच्या गावानं सरपंच दिला एका पॅनेलचा आणि 11 पैकी 7 सदस्य दिले दुसऱ्या पॅनेलचे. उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळाली. दुरुस्तीच्या खर्चाचा विषय मासिक सभेत आला की सात जण उठून बाहेर, कोरम संपला. सरपंच म्हणायचे, "मला अख्ख्या गावानं निवडून दिलंय, तुम्हाला एकेका वॉर्डानं." सदस्य म्हणायचे, "मग गावालाच माग की पाणी." दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत. बायका मात्र महिनाभर शेतातल्या बोअरवरून घागरी वाहत होत्या.

आता सरपंचाच्या जागी राष्ट्रपती ठेवा आणि सदस्यांच्या जागी लोकसभा. आपल्या घटनेत राष्ट्रपतीनं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालायचं असतं. फार तर सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच पुन्हा आला तर मान्य करावा लागतो. 2024 च्या लोकसभेला देशात सुमारे 97 कोटी मतदार होते. एवढ्या लोकांपुढं प्रचार करून, आश्वासनं देऊन निवडून आलेला माणूस राष्ट्रपती भवनात जाऊन नुसत्या सह्या करत बसेल? पंतप्रधानाला तो पहिल्याच भांडणात ऐकवेल, "तुम्हाला एका मतदारसंघानं निवडलंय, मला देशानं." संविधान सभेत के. टी. शहांनी थेट निवडणुकीचा आग्रह धरला होता. नेहरूंचं आणि आंबेडकरांचं म्हणणं पडलं की पदाला खरी सत्ता द्यायची नसेल तर त्यासाठी देशभर एवढा खटाटोप विसंगत आहे. मला ते पटतं.

कोणी आयर्लंडचं उदाहरण देईल. तिथं राष्ट्राध्यक्ष थेट निवडतात, तरी कारभार पंतप्रधानाकडेच राहतो. बरोबर आहे. पण आपल्या घटनाकारांपुढं आयर्लंडची घटना होतीच, मार्गदर्शक तत्त्वं त्यांनी तिथूनच घेतली, आणि तरीही ही गोष्ट घेतली नाही. पन्नासेक लाख वस्तीच्या देशात जे निभावतं ते इथं निभावेलच असं नाही.

अमेरिकेबद्दल विचाराल तर मी उलट बोलेन. तिथला अध्यक्षच सरकार चालवतो, आणि तरी 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे 29 लाख मतं जास्त मिळूनही त्या हरल्या. ज्याच्या हातात सत्ता त्याला लोकांनीच निवडावं. तिथं शेवटचं मत लोकांचं नसतं, राज्याराज्यांतून आलेल्या 538 निर्वाचकांचं असतं. ती पद्धत मोडावी असंच मला वाटतं. पण ती मोडायला 50 पैकी 38 राज्यांची संमती लागते, आणि ज्यांचं वजन त्या पद्धतीमुळं वाढलंय ती छोटी राज्यं ती कशाला देतील?

आपली पद्धत धुतल्या तांदळाची आहे असंही नाही. सदस्यांमधून सरपंच निवडायचे तेव्हा निकाल लागला की आमचे सदस्य तुळजापूरला 'देवदर्शनाला' जायचे आणि निवडीच्या दिवशी सकाळी गाडीतून उतरायचे. एकदा तर देवदर्शनाहून आलेल्यांच्या पिशव्यांत गोव्याचे काजू निघाले. मतदार थोडे असले की ते पळवता येतात. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत 2022 ला 4,809 मतदार होते, देशभर विखुरलेले. मतदान गुप्त आणि पक्षाचा व्हिप, म्हणजे अमक्यालाच मत द्या असा हुकूम, चालत नाही. एवढ्यांना सहलीला न्यायचं म्हणजे रेल्वेच ठरवावी लागेल.

मला खटकतं ते वेगळंच, आणि त्यावर कोणी फारसं बोलत नाही. आमदाराच्या मताचं मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरतं: लोकसंख्या भागिले आमदार, मग भागिले एक हजार. महाराष्ट्राच्या आमदाराचं मत 175. आपल्या जिल्ह्यात करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत 11 आमदार, म्हणजे सोलापूरचं वजन 1,925. पण यातली लोकसंख्या 1971 ची आहे! घटनादुरुस्तीनं ती गोठवून ठेवलीय, 2026 नंतरची पहिली जनगणना होईपर्यंत. त्या जुन्या हिशेबानं तमिळनाडूचं मत 176, आपलं 175, बिहारचं 173, जवळजवळ सारखंच. मी एकदा 2011 चे आकडे घेऊन गणित मांडून बघितलं (सवय जात नाही). आमदारांची संख्या तीच धरली तर तमिळनाडू 308, महाराष्ट्र 390 आणि बिहार 428.

पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांच्या हिशेबानं आजचा राष्ट्रपती निवडायचा हे चूक, ते दुरुस्त व्हायला हवं असं मी म्हणत असतो. पण नात्यातला एक मुलगा कोईमतूरला सूतगिरणीत आहे. त्याला हे आकडे सांगितले तर म्हणाला, "मामा, इथल्या लोकांनी सरकारचं ऐकून पोरं कमी होऊ दिली, त्याची ही शिक्षा का?" त्याला द्यायला माझ्याकडं अजून उत्तर नाही.