पहिली रायफल घेताना

तुझ्या शस्त्रपरवान्यात कोणती रायफल बसते ते पाहिलंस ना? मग आता रायफलीला जोडायच्या सामानाची, म्हणजे बायपॉड (नळीखालचे टेकवायचे दोन पाय), टॉर्च वगैरेची, यादी बाजूला ठेव. माझ्या पहिल्या रायफलीवर मी इतकं लटकवलं होतं की दहा मिनिटांत डावा हात थरथरायचा. साधी स्लिंग (खांद्याला अडकवायचा पट्टा), बरीशी रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी दुर्बीणवजा काच), दोन जादा मॅगझिन (काडतुसं भरायच्या पेट्या), बस्स. उरलेले पैसे काडतुसांवर घाल. सरावाला .२२ (लहान काडतुसाची) रायफलीसारखी दुसरी नाही, धक्का जवळजवळ नसतोच. ५.५६ मिमी काडतुसाचीच हवी असेल तर बॅरलवरचा शिक्का वाच: .२२३ च्या चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) ५.५६ चं काडतूस घालायचं नाही; उलटं, म्हणजे ५.५६ च्या चेंबरमध्ये .२२३ चं, चालतं. कानांना मफ, डोळ्यांना चष्मा, हे सांगायला नकोच. आणि मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकतं. बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढून आत बघ, मग बोटानेही चाचप.