वडील रोज दोन तास सुडोकू सोडवतात. त्याने विसराळूपणा लांबणीवर पडेल का?

तुमचे वडील निवृत्त आहेत, सुडोकूत रमतात आणि हल्ली लोकांची नावं विसरायला लागलेत, म्हणून तुम्ही विचारताय. त्यांचं सुडोकू अजिबात बंद करू नका, त्यात त्यांचा जीव रमतो. पण सुडोकूने मुख्यतः सुडोकूच सुधारतं.

अमेरिकेत 'अ‍ॅक्टिव्ह' नावाची एक मोठी चाचणी झाली. ६५च्या पुढची सुमारे २,८०० माणसं होती. काहींना स्मरणशक्तीचा सराव दिला, काहींना तर्काचा, काहींना नजरेने झटपट टिपण्याचा. २००२ साली निष्कर्ष आले, तेव्हा ज्याने जे घोटलं होतं, त्याचं मुख्यतः तेवढंच सुधारलेलं दिसलं.

माझ्या आईने तीस वर्षं शब्दकोडी सोडवली. शेवटी शेवटी पेन उचलायच्या आधीच उत्तर तयार असायचं, म्हणजे डोक्याला जोर असा पडतच नव्हता. एकाहत्तराव्या वर्षी मी तिला विचारलं, काय शिकायचं राहून गेलं? ती लगेच म्हणाली, "पेटी." पहिले तीन महिने बोटं सुरावर पडत नव्हती, भात्याकडे लक्ष दिलं की बोटं थांबायची. ती रडकुंडीला यायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची. मला वाटतं, खरा व्यायाम तोच होता. ६० ते ९० वयाच्या लोकांना तीन महिने, आठवड्याला साधारण १५ तास डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम शिकवून पाहिलेला एक प्रयोग आहे. नुसत्या गप्पा-सहलींत किंवा घरी शब्दकोड्यांत वेळ घालवणाऱ्यांपेक्षा या शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती जास्त सुधारली.

तरी वाचणारे, वाजवणारे, नाचणारे म्हातारपणी तल्लख राहतात असे अभ्यास वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्याचा मेंदू आधीच थकू लागलाय, तो माणूस वाचन आपणहून सोडतो. त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे नेहमी सांगता येत नाही.

आणि कान तपासा. हे मी कळकळीने सांगतेय. आई गप्पांतून उठून जायची, सांगितलेलं "विसरायची". आम्ही वर्षभर स्मरणशक्तीला दोष दिला आणि तिला नीट ऐकूच येत नव्हतं! डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, टाळता येण्याजोग्या १४ जोखमींची यादी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली दिली, तीत कमी ऐकू येणं आहे. कानाला यंत्र लागल्यावर आई पुन्हा बोलत्या माणसांत येऊन बसली.

बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या काही गोळ्या यांनीही विसरायला होतं आणि त्यावर इलाज असतो. नावं विसरण्यापलीकडे ओळखीचा रस्ता चुकत असेल किंवा पैशांच्या व्यवहारात गोंधळ होत असेल, तर कोडी आणि शिकणं बाजूला राहू द्या, याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या.