वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे विमानाने नक्की किती वेळ लागतो? साइट ३ किमीला अर्धा तास दाखवतेय, हे बरोबर आहे का?

बरोबर नाहीये, पण साइट खोटंही बोलत नाहीये. विमानप्रवासाचा वेळ काढून देणाऱ्या त्या साइटी दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर मोजतात, त्याला मोठ्या जेटच्या वेगाने भागतात आणि टेकऑफ-लँडिंगचे म्हणून सरसकट अर्धा तास वर टाकतात. मुंबई-दिल्लीला हे खपून जातं, इथे मात्र पार हसं होतं.

ही दोन्ही बेटं स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी या बेटांच्या समूहात आहेत. मधलं अंतर साधारण २.७ किमी, म्हणजे मुंबई विमानतळाची मोठी धावपट्टीच याहून लांब भरेल! टाइमटेबलमध्ये दोन मिनिटं धरलेली असतात आणि जगातली सगळ्यात छोटी नियमित विमानसेवा म्हणून हीच ओळखली जाते. १९६७ पासून लोगनएअर ही स्कॉटिश विमान कंपनी ती चालवते. रेकॉर्ड ५३ सेकंदांचा आहे, पण तो वारा मनासारखा असला तरच, कारण विमान वाऱ्याच्या समोर तोंड करूनच उडवतात आणि उतरवतात, त्यामुळे दिशा उलटी असली की वळसा घ्यावा लागतो आणि दीड-दोन मिनिटं सहज जातात.

मी गेलो तेव्हा घड्याळ लावून बसलो होतो, पण खिडकीतून फोटो काढायच्या नादात स्टॉप दाबायचं राहूनच गेलं, त्यामुळे माझा आकडा विचारू नका 😅 विमान म्हणजे ब्रिटन-नॉर्मन आयलँडर, दोन पंख्यांचं, आठ प्रवासी आणि एक पायलट, बस. एअर होस्टेस वगैरे भानगड नाही, सूचना पायलटच मागे वळून देतो, आणि नशीब असेल तर त्याच्या शेजारची सीट मिळते. आत बसल्यावर आपल्याकडच्या वडाप जीपची आठवण येते, फक्त इथे टपावर कोणी नसतं.

आता खरा वेळ. तुम्ही आधी कर्कवॉलला, म्हणजे ऑर्कनीच्या मुख्य गावाला पोचणार, तिथून छोट्या विमानाने पंधरा-वीस मिनिटं. काही फेऱ्या थेट पापा वेस्ट्रेला जातात, तर काही वेस्ट्रेमार्गे, तेव्हा बुक करताना ते नीट बघा नाहीतर ज्यासाठी गेलात तेच हुकायचं. आणि धुकं आलं की सगळा हिशोब कोलमडतो, म्हणून एक दिवस हाताशी ठेवाच.

पापा वेस्ट्रेला उतरून लगेच परत फिरू नका. नॅप ऑफ हॉवर नावाचं साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी घर आहे, गिझाच्या पिरॅमिडपेक्षाही जुनं, आणि भिंती अजून उभ्या आहेत. बेटावर माणसं शंभराच्या आतच, त्यामुळे गर्दी वगैरे विसरा. परत वेस्ट्रेला यायला छोटी बोटही असते, तिला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. म्हणजे साइटवरचा अर्धा तास बोटीचा समजलात तर जमून जातंय बघा.