मेसेजला कुलूप आहे, पण येणं-जाणं दिसतं

प्रश्न : ताई, आमच्या गावात डोंगर कापतात, त्याचे फोटो मी एका पत्रकाराला पाठवतो, नाव कुठंच येऊ देत नाही. ॲप एन्क्रिप्टेड आहे, वर माग लपवणारं टॉर नेटवर्क पण वापरतो. तरी मित्र म्हणतो, सापडशील. मेसेज वाचताच येत नाही तर सापडणार कसा?
– एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर : तुमचा मित्र उगाच घाबरवत नाहीय. आपल्याकडे सकाळी पोदेर दाराला टांगलेल्या पिशवीत पाव टाकून जातो ना, रोज चार पाव घेणाऱ्या घरात एक दिवस बारा गेले की त्याला कळतं, पाव्हणे आलेत, आत डोकवायला लागत नाही. पाळत ठेवणारा तसंच करतो, मजकूर सोडून देतो आणि किती डेटा, किती वाजता, कुणाकडून कुणाकडे गेला तेवढंच मोजतो. ह्यालाच ट्रॅफिक ॲनालिसिस म्हणतात.

वायरलेसमध्ये हे आणखी सोपं, कारण लहरी काय भिंतीपाशी थांबत नाहीत. मी घरच्याच वायफायवर करून बघितलं, लॅपटॉप मॉनिटर मोडला टाकला, म्हणजे हवेतलं वायफाय नुसतं ऐकत बसायचं, पासवर्ड दिलाच नाही, आतलं काही वाचता येईना पण कुठल्या डिव्हाइसकडून कुठल्याला ते डेटाच्या प्रत्येक पाकिटावर (फ्रेमवर) उघडं, डिव्हाइसचा नंबर, म्हणजे मॅक ॲड्रेस, लपत नाही. आईनं व्हिडिओ कॉल लावला तर दोन्हीकडून सारखा ओघ, मग यूट्यूब लावलं तर एकाच बाजूनं थांबून थांबून गठ्ठे. नुसत्या आकड्यांवरून मी सांगू शकत होते आई काय करतेय ते, आणि खरं सांगते, मला ते बघून कसंतरीच झालं.

टॉवरचं तर विचारूच नका. फोन कुठल्या टॉवरवर आहे हे कंपनीला माहीत असावंच लागतं, नाहीतर कॉल पोचणार कसा? २०१३ च्या एका अभ्यासात १५ लाख लोकांचा १५ महिन्यांचा टॉवर डेटा तपासला, तर फक्त चार वेळा माणूस कधी-कुठं होता एवढं कळलं तरी ९५ टक्के लोक वेगळे ओळखता आले.

आता टॉर. ते तुमचा डेटा तीन रिलेंमधून, म्हणजे मधल्या कॉम्प्युटरांमधून, फिरवून पाठवतं आणि चांगलंच आहे, पण मध्ये मुद्दाम थांबवून ठेवत नाही. म्हणून दोन्ही टोकांवर नजर असेल तर तुमच्याकडून ९:४२ ला ८ एमबी निघाले आणि लगेच पत्रकाराकडे साधारण तेवढेच उतरले, ही जोडी लावता येते. त्यात टॉर वापरणारे गावात तुम्ही एकटेच असाल तर अजून वाईट. २०१३ मध्येच हार्वर्डच्या एका विद्यार्थ्यानं टॉरवरून बॉम्बची धमकी पाठवली, तो कॉलेजच्याच वायफायवर होता आणि त्या वेळी तिथं टॉर कोण वापरत होतं ते बघूनच पोलीस त्याच्यापर्यंत पोचले.

ह्यावरचा उपाय संगणकतज्ज्ञ डेव्हिड चाऊमनं १९८१ मध्येच मांडलाय, मधल्या कॉम्प्युटरनं मेसेज साठवायचे, सगळे एका मापाचे करायचे, क्रम बदलून एकदम सोडायचे. वर खोटा डेटाही पाठवत राहता येतो, पण मोबाइलवर त्यात बॅटरी आणि डेटा पॅक दोन्ही संपतात, म्हणून रोजच्या ॲपमध्ये ते सहसा नसतं.

म्हणून उशीर तुम्हीच करा. डोंगरावर फोन नेऊच नका, तो घरी चालू राहू दे, साधा कॅमेरा न्या. फोटो दोन-तीन दिवसांनी, लहान करून, वेगवेगळ्या वेळी पाठवा, आणि पत्रकाराला आधीच सांगून ठेवा की आल्या आल्या उघडायचे नाहीत, ‘मिळाले’ म्हणून लगेच उत्तरही द्यायचं नाही.