गुहागरला वडिलांना काचबिंदू निघालाय, डोळ्याचा दाब २६. थेंब कायमचे घालावे लागतील का?

हो, बहुतेक आयुष्यभर. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची असते. त्यामुळे, दुखत नाही म्हणून थेंब बंद करू देऊ नका. दाब साधारण १० ते २१ असतो, पण नुसत्या दाबावर निदान ठरत नाही. डोळ्याची नस आणि दृष्टिक्षेत्र (समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ते) तपासलंय का, हे नक्की विचारा. गावात सोय नसेल तर रत्नागिरीला चौकशी करा, ही तपासणी टाळू नका. दमा असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा, टिमोलॉल या दाब कमी करणाऱ्या औषधाचे थेंब दम्यात धोक्याचे. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबायचा. थेंबांनी भागलं नाही तर लेझर, शस्त्रक्रिया आहे. आजार घराण्यात चालतो, गणपतीला मुंबईहून काका-आत्या आले की त्यांनाही तपासायला सांगा. तुम्हीही तपासून घ्या.