तुम्ही विचारता: कामात काही सुधारणा सुचवली की साहेब ‘बघू’ म्हणतात आणि पुढे काहीच होत नाही, मग सुचवायचं तरी कशाला?

या ‘बघू’च्या दोन्ही बाजूंना मी बसलोय, म्हणून आधी स्वतःचाच गुन्हा कबूल करतो.

डिस्पॅचला सुपरवायझर होतो. लेबलचा प्रिंटर पॅकिंगच्या टेबलापासून लांब, पार भिंतीशी. दर खोक्यामागे पोरं उठायची, लेबल आणायची, चिकटवायची. एक जण म्हणाला, “सर, प्रिंटर टेबलाशीच आणू या का?” मी म्हणालो, बघू. खरंच बघणार होतो हो! पण केबल पुरत नव्हती, ती आयटीकडून मागवायची होती, त्यासाठी मेल टाकायचा होता, आणि तो मेल राहिला तो राहिलाच. तीन महिन्यांनी वरून फर्मान आलं, प्रत्येकाकडून एक तरी सूचना घ्या. त्याला विचारलं तर म्हणाला, “काही नाही सर, मस्त चाललंय.” आणि हे बोलता बोलता लेबल आणायला उठला.

सरळ ‘नाही, कारण हे’ म्हटलं असतं तर तो चार दिवस फुगून बसला असता आणि पाचव्या दिवशी दुसरं काही सुचवलं असतं. ‘बघू’ने मात्र त्याचं तोंडच बंद झालं.

कोडॅकने 1898 साली कामगारांकडून सूचना मागवायला सुरुवात केली. पहिलं बक्षीस 2 डॉलरचं, सूचना काय तर खिडक्या धुवा, आत उजेड येत नाही. मळक्या काचा साहेबांनाही दिसत असणारच, पण त्या अंधारात डोळे ताणून काम त्यांना करायचं नव्हतं. टोयोटानेही फोर्डच्या कारखान्यातली सूचना योजना पाहून 1951 मध्ये आपली सुरू केली. पण मला तिथल्या सूचनापेटीपेक्षा तिथली दोरी जास्त आवडते. असेंब्ली लाइनवर काही खटकलं की कामगार दोरी ओढतो, दिवा लागतो आणि टीम लीडर त्या जागी येतो. ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. म्हणजे ‘बघू’ म्हणायची सोयच नाही.

तुमच्याकडे दोरी नाही, तेव्हा तारीख मागा. “शुक्रवारी विचारू का?” एवढंच. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सुचवलं की साहेबांना त्यात स्वतःची चूक ऐकू येते, म्हणून आधी एकट्याने गाठा. आणि मागणी लहान ठेवा: एकाच टेबलावर आठवडाभर करून बघू, नाही जमलं तर होतं तसं लावू. अडकलेलं किरकोळ काम उचलायची तयारीही दाखवा, बहुतेक सूचना तिथेच कुजतात. मात्र ‘ज्याने सुचवलं त्यानेच सगळं निस्तरायचं’ असा तुमच्या टीममध्ये शिरस्ता असेल तर तो आधी मोडायला लावा, नाहीतर शहाणी माणसं गप्पच बसणार. तारखा देऊन तीनदा काहीच झालं नाही, तर त्या साहेबांपुढे मी तरी पुन्हा डोकं आपटणार नाही.

आणि हो, त्या केबलचा मेल शेवटी टाकला. दोन ओळींचा होता. दुसऱ्या दिवशी केबल आली.