जुनी रोटरी माझदा घ्यावी का?

प्रश्न: मी मेलबर्नला असतो, इथे जुनी माझदा आरएक्स-८ स्वस्तात मिळतेय. चालवणारे तिच्यावर जीव टाकतात, पण इंजिनाचा विषय निघाला की घाबरवतात. असं का?

उत्तर: कारण इंजिनच वेगळंय, रोटरी. पिस्टन नाहीच, तिकोनी रोटर गरगर फिरतो, म्हणून गाडी एकदम स्मूथ पळते. माझदा मूळची हिरोशिमाची, १९२० साली कॉर्कच्या धंद्यातून सुरू झालेली, अणुबाँब पडला तेव्हा कारखाना टेकडीच्या आडोशामुळे बराच वाचला आणि त्याच डिसेंबरात या लोकांनी परत तीनचाकी बनवायला घेतल्या, काय जिद्द म्हणायची! पुढे रोटरीचं लायसन्स जर्मन कंपनीकडून घेतलं तर रोटरच्या टोकांचे सील आतल्या भिंतीवर ओरखडे पाडायचे, ते माझदाचे इंजिनिअर केनिची यामामोतोंच्या टीमने सोडवलं, १९६७ला कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी गाडी आली, आणि १९९१ला ल मां ही फ्रान्समधली २४ तासांची रेस जिंकणारी पहिली जपानी कंपनी माझदाच.

आता तुमचं. हे इंजिन सीलना वंगण मिळावं म्हणून ऑइल मुद्दामच जाळतं, त्यामुळे पेट्रोल भरताना डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघायची सवय लावा. थंड इंजिन सुरू करून लगेच बंद करू नका, पेट्रोल साचून परत स्टार्टच होत नाही. आणि घ्यायच्या आधी रोटरीवाल्या मेकॅनिककडून कॉम्प्रेशन टेस्ट (इंजिनात दाब नीट धरतो का, म्हणजे सील धड आहेत का, ते बघणं) करूनच घ्या, विकणारा नाही म्हणाला तर सरळ निघून या. रोज ऑफिसपुरतीच हवी असेल तर माझदा ३ बघा, पेट्रोलही कमी पिते.